तापीत मृतदेह दिसला तर

हतनूरच्या फुगवट्यात जाळं लावा, मुडावदला तापी-पांझरेच्या संगमावर होडी घाला, नाहीतर गिरणेच्या डोहात ट्यूबवर बसून गळ टाका. पाण्याशी रोजचा संबंध असला की कधीतरी असं काही तरंगताना दिसतं, जे लाकूड नसतं आणि मेलेलं वासरूही नसतं. छाती धडधडते. धडधडू द्या. पुढचं काम अवघड नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही. मी तुमच्या शेजारच्या फळीवर बसलोय असं समजा. मी सांगतो, तुम्ही एकेक करत चला.

होडीत एवढं कायम ठेवा: प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाइल, वीस-पंचवीस मीटर नायलॉनचा दोर, बुचासकट पाच लिटरचा रिकामा कॅन, शिट्टी, टॉर्च, रबरी हातमोजे, साबणाची वडी आणि एक जुनी पण धुतलेली चादर. लाइफ जॅकेट अंगात हवं. फळीखाली कोंबलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही.

१. होडी थांबवा.

इंजिन असेल तर बंद करा, वल्हं असेल तर उचलून धरा. दोन होड्या मावतील इतकं अंतर मध्ये राहू द्या. होडी वाहत त्याच्यावरच जायला लागली तर लंगर टाका, पण लंगराचा दगड मृतदेहापासून लांब पडेल असा. पंखा फिरत असताना जवळ जाऊ नका. पंख्याने झालेली जखम आणि आधीची जखम यांत नंतर डॉक्टरांचाही गोंधळ होतो.

२. माणूस जिवंत असू शकतो का, ते बघा.

हे फोनच्याही आधी. अंग फुगलंय, कातडी सुटलीय, वास येतोय, तर शंका उरत नाही. सरळ चौथ्या पायरीवर जा. पण अंग ताजं दिसतंय, किंवा काठावरून कुणी ओरडतंय की पोरगा आत्ताच बुडाला, तर तो जिवंत आहे असं धरूनच चाला. आखाजीच्या सुमाराला, शाळांना सुट्या लागल्या की अशी वेळ जास्त येते. ‘गेला’ म्हणायचा अधिकार डॉक्टरचा. तुमचा नाही, माझाही नाही.

३. थोडीही शक्यता असेल तर बाहेर काढा आणि श्वास द्या.

दोर किंवा बांबू त्याच्याकडे करा, होडीतून खाली उडी टाकू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. काठावर सपाट जागी उताणं झोपवा. श्वास चालू नसेल तर डोकं मागे करा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून छाती वर येईल असे पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ३० वेळा दाबा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, सेकंदाला जवळजवळ दोनदा. पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. पोट दाबून पाणी काढणं, पाय धरून उलटं टांगणं, खांद्यावर टाकून गरगर फिरवणं हे गावात अजून चालतं. त्यात हाताशी असलेली मिनिटं वाया जातात आणि पोटातलं पाणी उलटून श्वासनळीत शिरतं. कुणी कितीही मोठा माणूस सांगत असला तरी करू देऊ नका.

४. जागा नजरेने बांधा.

इथून पुढे, मृत्यू झालाय हे उघड आहे असं धरून चालतो. समोरच्या काठावर एकामागे एक येणाऱ्या दोन वस्तू शोधा: पुलाचा अमुक खांब आणि त्याच्या मागचा मोबाइल टॉवर, किंवा पंपहाऊस आणि त्यामागचं वडाचं झाड. मग मान वळवून दुसऱ्या काठावर तशीच आणखी एक जोडी धरा. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तुम्ही आहात. मासेमारीत भरवशाचा डोह तुम्ही असाच लक्षात ठेवता, तेच इथे करायचं. एकच खूण धरू नका. नदीवर एका खुणेचा पसारा अर्धा किलोमीटर निघतो.

५. मोबाइलवर लोकेशन घ्या.

नकाशा उघडा, निळा ठिपका स्थिर होऊ द्या, स्क्रीनशॉट काढा. रेंज नसली तरी ठिपका येतो, नकाशाच्या जागी नुसती पांढरी पाटी दिसली तरी. तो ठिपका बोटाने दाबून धरला की आकडे मिळतात, तेही टिपून ठेवा. ओल्या बोटाने पडदा ऐकत नाही, आधी हात पुसा.

६. वेळ लिहून ठेवा.

‘सकाळी सकाळी’ चालणार नाही. घड्याळातले तास-मिनिटं हवीत.

७. कॅन सोडा.

दोराच्या एका टोकाला दगड बांधा, दुसऱ्या टोकाला कॅन, आणि मृतदेह पहिल्यांदा दिसला त्या जागी सोडून द्या. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा दीडपट तरी लांब असू द्या, नाहीतर कॅन पाण्याखाली ओढला जातो. मृतदेह वाहून पुढे गेला तरी पहिली जागा कॅन धरून ठेवतो. कॅन मृतदेहाला बांधू नका.

८. ११२ला फोन करा.

इथे लोक गडबडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. महाराष्ट्रात ११२ उचलणारी व्यक्ती तुमच्या गावच्या ठाण्यात नसते. नवी मुंबईत किंवा नागपुरात बसलेली असू शकते. तिला चांगदेव कुठे, थाळनेर कुठे, काही ठाऊक नसतं. ‘मंदिराच्या मागे, नेहमीच्या जागी’ म्हटलंत तर ती काय करणार? म्हणून वरून खाली उतरत सांगा: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, मग जागा. राज्याचं नावसुद्धा सोडू नका. रावेरच्या वरच्या अंगाला, बऱ्हाणपूरच्या बाजूला, मोबाइलने पलीकडचा टॉवर धरला तर फोन मध्य प्रदेशात लागू शकतो. बोलायचं साधारण असं:

“महाराष्ट्र, जळगाव जिल्हा, मुक्ताईनगर तालुका, चांगदेव गाव. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ पाण्यात माणसाचा मृतदेह तरंगतोय. सात वाजून दहा मिनिटांनी दिसला. आम्ही दोघं होडीत आहोत, आम्हाला काही धोका नाही. मृतदेह हळूहळू हतनूरच्या बाजूला सरकतोय. गाडी मंदिरापर्यंत येते, तिथून पायी यावं लागेल. माझा नंबर हाच.”

एवढंच. ‘बाईचा वाटतो’, ‘मारून टाकलेला दिसतोय’, ‘दोन-तीन दिवसांचा असेल’ यातलं काही स्वतःहून बोलू नका. विचारलं तर जे डोळ्यांना दिसतंय तेवढंच सांगा: निळा शर्ट, पालथा, अंग फुगलेलं. समोरच्याने ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका. नंतर बॅटरी जपा. त्याच नंबरवर पोलीस परत फोन करतात.

(उन्हाळ्यात कोकणात जाऊन भाड्याच्या बोटीत बसलात आणि तिथे असं काही दिसलं, तर आपल्या नाखव्याला सांगा. समुद्रावर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. बाकी सगळं हेच.)

९. पोलीस पाटलांना कळवा.

११२ झाल्यावर, आधी नाही. पोलीस पाटील हा नुसता मानाचा माणूस नव्हे. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली गावातली अशी खबर ठाण्याला कळवणं त्याचं कामच आहे. शिवाय गाडीला रस्ता दाखवायला, काठावरची गर्दी आवरायला आणि पंच म्हणून कुणाला बोलवावं हे सांगायला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. सरपंचांना, पत्रकार मित्राला, मेव्हण्याला फोन करायचा मोह होईल. तो आवरा.

१०. हद्दीचा विचार डोक्यातून काढून टाका.

आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तापी ही मैलोन् मैल तालुक्यांची सीमा आहे. सावळद्याच्या पुलाखाली उत्तर काठ शिरपूरचा, दक्षिण काठ शिंदखेड्याचा. चोपडा आणि अमळनेर समोरासमोर, यावल आणि भुसावळही. ‘कटकट नको, पलीकडे जाऊ दे’ म्हणून बांबूने हलकेच ढकलून देणारे महाभाग आहेत. हा प्रकार करू नका. ढकलताना काठावरून कुणीतरी पाहिलेलं असतंच, आणि मग साध्या खबरेच्या जागी तुम्हाला उत्तरं देत बसावं लागतं. कोणत्या ठाण्याची हद्द, ते ठाणेवाले आपसात ठरवतील. ‘आपल्या गावचा नाही’ हेही कारण नाही. पाणी बऱ्हाणपूरहून येतं, माणूसही तिकडचा असू शकतो. १८ जुलै २०२२ला इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटला नर्मदेत कोसळली, तेव्हा आपल्या खानदेशातली माणसं तिथल्या लोकांनी पाण्यातून काढली. तेही म्हणू शकले असते, आमचे नाहीत.

११. नजर हटवू नका.

आता तुमचं मुख्य काम हेच. मृतदेह वाहत असेल तर अंतर राखून मागे मागे जा. होडीत दोघं असाल तर एकाने होडी सांभाळावी, दुसऱ्याने फक्त बघावं. त्याने फोनवरही बोलू नये. जलपर्णीत किंवा झुडपात अडकला तर उत्तम, तिथेच थांबा.

यात दोन ठिकाणी जिवाला धोका आहे. पहिलं, धरणाचे दरवाजे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, सुलवाड्याच्या आणि सारंगखेड्याच्या बॅरेजलाही दरवाजेच आहेत. एखादा जरी उघडा असला तरी वरच्या बाजूचं पाणी दिसायला शांत आणि ओढायला भयंकर असतं. भिंत स्पष्ट दिसायला लागली की मागे फिरा आणि पोलिसांना सांगा, “मृतदेह दरवाजांकडे चाललाय, धरणावर कळवा.” दुसरं, बंधाऱ्याची खालची बाजू. पांझरेवरचे बंधारे भरून वाहत असतात तेव्हा पाणी खाली पडून पुन्हा भिंतीकडे उलटं फिरतं, आणि त्यात सापडलेली वस्तू तिथेच गोल गोल घोळत राहते. मृतदेह घोळतोय, मग होडीही घोळणार. तिथे पट्टीचा पोहणाराही जात नाही. काठावरून बघा.

पुढे धोका आहे म्हणून पाठलाग सोडावा लागला तर शेवटची जागा आणि वेळ टिपा, ११२ला पुन्हा फोन करा. यात कमीपणा काही नाही.

१२. एकच फोटो काढा, लांबून.

मृतदेह आणि मागचा काठ एकाच चौकटीत येईल असा. चेहरा टिपायचा नाही. व्हिडिओ नको. हा फोटो फक्त पोलिसांना दाखवायचा. गावच्या ग्रुपवर टाकलात की चोपड्यातल्या एखाद्या आईला मुलाचा शर्ट पडद्यावर ओळखावा लागतो. आणि मृत बाई किंवा मुलगी अत्याचाराची बळी निघाली, तर तिची ओळख पसरवणं हा वेगळा गुन्हा. तुम्हाला ते आधी कळणार कसं? म्हणून नाहीच टाकायचा.

१३. बाकीच्यांना लांब ठेवा.

शिट्टी वाजवा, हात आडवा करा, दुसऱ्या होड्यांना काठाला लागायला सांगा. उत्साही पोरं उड्या टाकायला निघतात, त्यांना काठावर रस्ता दाखवायला उभं करा. काम मिळालं की ती शांत होतात. एकापेक्षा जास्त मृतदेह दिसले, जसं होडी उलटल्यावर होतं, तर प्रत्येकावर एक होडी लावा. एका होडीने सगळीकडे फिरू नका.

१४. पोलीस येईपर्यंत हात लावू नका.

नियम हा. अपवादही ऐकून ठेवा: अंधार पडतोय, पाणी चढतंय, किंवा मृतदेह दरवाजांकडे निघालाय आणि गाडी लांब आहे. अशा वेळी फोनवर विचारा, “साहेब, काठाला लावून धरू का?” होकार मिळाला आणि पाणी सुरक्षित असलं तरच पुढे व्हा. रेंजच नसेल आणि डोळ्यांदेखत वाहून जाणार असेल तर तुमच्या समजुतीने काठाला लावा, आणि नंतर ‘का’ ते स्पष्ट सांगा. पोलीस आल्यावर तेच म्हणाले की ‘जरा होडी घ्या, काढू या’, तरी एकटे जाऊ नका. पूर असेल तर सरळ नाही म्हणा. त्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यातच आहे, त्यांच्याकडे साधनं आहेत.

१५. हातमोजे घाला.

हाताला चीर, फोड असेल तर आधी चिकटपट्टी, मग मोजा. मोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाला बांधा.

१६. खालच्या अंगाने जवळ जा.

होडीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध ठेवा आणि मृतदेहाच्या खालच्या बाजूने हळूहळू वर चला, म्हणजे पाणी त्याला तुमच्याकडे आणेल आणि होडी त्याच्यावर चढणार नाही. वरून खाली गेलात तर थांबता येत नाही.

१७. दोर काखेखालून घ्या.

कपड्यांवरून, छातीभोवती, सैल फास. बांबूच्या टोकाने दोर पलीकडे सारता येतो, हात पाण्यात घालावा लागत नाही. गळ्याला, मनगटाला, केसांना दोर लावू नका. आकडा आणि गळ तर मुळीच वापरू नका. दोराचा वळ गळ्यावर उमटला की तो आधीचा की तुमचा, हे शोधण्यात तपासाचे दिवस जातात. हातपाय आधीच बांधलेले असले, कमरेला दगड किंवा गोणी असली, तर ती गाठ सोडायची नाही, कापायची नाही, चाचपायचीही नाही. आहे तशी येऊ द्या.

१८. ओढत न्या.

होडीत उचलून घेऊ नका. भिजलेला, फुगलेला देह जड असतो, दोघं एका बाजूला वाकलात की होडी कलंडते. शिवाय होडीच्या काठावर घासून कातडी जाते. पाण्यातच ठेवून सावकाश काठाकडे चला.

१९. उथळ पाण्याशी आलात की चादरीवर घ्या.

चादर पाण्यात खालून सरकवा, चौघांनी चार टोकं धरा, पाणी निथळू द्या, मग उचला. हात-पाय धरून कुणी ओढायचं नाही. अंगाला चिकटलेलं शेवाळ, गाळ, काटक्या तशाच राहू द्या. सावलीत ठेवा, वरून दुसरं कापड टाका, कुत्री आणि कावळे हाकलायला एक माणूस बसवा. धुवायचं नाही, पाणी ओतायचं नाही, तोंडात तुळशीचं पानही पोलिसांना विचारल्याशिवाय नाही. भावना समजते, पण ते नंतर घरचे करतील.

२०. अंगावरच्या वस्तूला हात लावू नका.

अंगठी, मंगळसूत्र, मनगटातला दोरा, खिशातलं पाकीट, मोबाइल. ‘हरवू नये म्हणून काढून ठेवली’ हे कारण कितीही खरं असलं तरी कुणाला पटवता येत नाही. मेलेल्या माणसाजवळची वस्तू लबाडीने लांबवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली गुन्हा आहे. एखादी वस्तू गळून पडताना दिसली तर कुठे पडली ते लक्षात ठेवा, पोलिसांना बोटाने दाखवा. हातावरचं गोंदलेलं नाव वाचलंत तर तेही फक्त त्यांनाच सांगा.

२१. हात धुवा.

मोजे उलटे करून काढा, पिशवीत टाका, कोपरापर्यंत साबण लावा. नदीच्या पाण्याने नाही, बाटलीतल्या किंवा हापशाच्या. आणि आता खरी सूचना: हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायला घेऊ नका. असं काही झालं की पहिला हात चंची-डबीकडे जातो, हे मला पक्कं माहीत आहे. विडीचंही तेच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना नदीच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोचा संशय त्यांना लगेच घेता येतो.

२२. खबर द्या.

पोलीस तुमची खबर लिहून घेतील आणि अकस्मात मृत्यूची नोंद करतील. खबर देणारा म्हणजे आरोपी नव्हे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. दिसलं तेवढंच सांगा, क्रमाने: किती वाजता, कुठे, कसा, तुम्ही काय केलंत. तुम्ही हलवला असेल तर ते लपवू नका. का हलवला ते सांगा. दोर कुठे लावला तेही सांगा. ‘आत्महत्याच दिसते’ असं कुणी तुमच्या तोंडी घालत असेल तर म्हणा, “ते मला माहीत नाही.” खबरेवर तुमची सही असते, म्हणून वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला लावा. पुढे तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही करायची नसते. बायका आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांना जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती नाही, त्यांच्या घरी येऊन विचारता येतं.

२३. पंचनामा होईपर्यंत थांबा.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली हा पंचनामा होतो; त्याला आसपासची किमान दोन प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून लागतात. कॅन सोडलेली जागा, नजरेने बांधलेल्या दोन रेषा, स्क्रीनशॉट, सगळं आता बाहेर काढा. इथे चौथ्या पायरीची मेहनत कामी येते. मृतदेह पुढे शवविच्छेदनाला जातो, जवळच्या सरकारी रुग्णालयात नाहीतर जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. निघण्याआधी अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक आणि अंमलदाराचं नाव लिहून घ्या. दोर, कॅन, चादर पोलिसांनी ठेवून घेतली तर मागत बसू नका.

२४. नातेवाईक आले तर बाजूला व्हा.

काठावर बातमी पोलिसांच्या आधी पोचते. कुणी तुमचा हात धरून विचारेल, “भाऊ, पोरगं कसं होतं, सांगा ना.” ओळख पटवायचं काम तुमचं नाही. “ताई, साहेब दाखवतील, मी तुमच्याबरोबर येतो” एवढं म्हणा आणि खरंच बरोबर जा. पाणी द्या, सावलीत बसवा. चेहऱ्याचं वर्णन करू नका, अंदाज सांगू नका. अंदाज चुकला तर एका घरावर उगीच आभाळ कोसळतं.

२५. घरी जाऊन आंघोळ करा, जेवा, आणि कुणाशी तरी बोला.

जेवण जाणार नाही कदाचित. चहा तरी घ्या. वास नाकात राहिल्यासारखा वाटतो, रात्री दचकून जाग येते, होडीत पाय ठेवायला नको वाटतं. हे मोठमोठ्या पोहणाऱ्यांना होतं. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल तर १४४१६ला फोन करा. टेलिमानसची ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दारू हा उपाय नाही, आणि पाण्यावर जाणाऱ्याला तर नाहीच नाही.

मृतदेह जाळ्यात आला असेल तर

वरचाच क्रम, दोन पायऱ्या जास्त.

१. जाळं ओढणं थांबवा. झटकू नका, हिसकू नका.

२. पोलिसांची वाट बघा, आणि त्यांनी सांगितल्यावर होडीच्या बाजूचं जाळं कापा. अंगाभोवती गुंतलेला भाग तसाच राहू द्या. जाळं म्हणजे महिन्याची कमाई, पोटात तुटतं हे कबूल. पण अंगावरून ओरबाडून काढलेल्या जाळ्याचे व्रण वाचवलेल्या पैशांपेक्षा महाग पडतात. उरलेलं जाळं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा वापरा.

नुसती हाडं सापडली तर

उन्हाळ्यात फुगवटा मागे सरतो, गाळ उघडा पडतो आणि हाडं दिसतात. इथे आधी डोकं शांत ठेवून बघायचं, कारण आपल्या नदीकाठी हाड सापडण्याची साधी कारणंही आहेत.

१. वाकून बघा, उचलू नका. लाल किंवा पांढऱ्या फडक्यात, मडक्यात, राखेबरोबर, खडूसारखे पांढरे बारीक तुकडे असतील तर ती कुणीतरी विसर्जन केलेली फुलं. चांगदेवला, रामेश्वरला हे रोजचं आहे. नमस्कार करून पुढे व्हा.

२. कवटी, जबडा, अख्खं लांब हाड, किंवा हाडाला चिकटलेला कपडा दिसला तर ११२ लावा. ‘जनावराचं असेल’ हे तुम्ही ठरवू नका. जनावराचं निघालं तर चांगलंच, कुणी रागावणार नाही.

३. भोवती चार काठ्या रोवून दोर बांधा. तुमची पावलं ज्या वाटेने गेली त्याच वाटेने मागे या. गाळात दुसरं काही दडलेलं असू शकतं.

४. आणखी हाडं शोधायला उकरू नका. वाळूचा ट्रॅक्टर उभा असेल तर आधी तो थांबवा.

५. काठाची माती ढासळून जुनं दफन उघडं पडलंय असं वाटलं, लहान मुलाचं असतं बरेचदा, तर पोलीस पाटलांना आणि त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा. आपल्या मनाने माती लोटू नका आणि दुसरीकडे नेऊन पुरूही नका. पोलिसांनी बघून सांगितल्यावर ज्यांचं आहे ते पुन्हा माती देतील. तोवर गुरं त्या बाजूला वळू देऊ नका.